पहिलं गिऱ्हाईक

भूगोलाची मास्तरकी सोडून घरं विकणारा एजंट व्हावं, असं माझ्या डोक्यात घोळत होतं.

"तुला साधी रद्दी विकता येत नाही," बायको म्हणाली. "चार दिवसांसाठी आलेली माझी आई उन्हाळा सरला तरी हलत नाहीये. तिचंच घर तिच्या गळ्यात मारून दाखव, मग खुशाल राजीनामा दे."

जेवताना मी सुरू झालो. सासूबाईंच्या गॅलरीतलं कोवळं ऊन, कंबर न दुखवणारा ओटा, आणि शेजारी तर असे की कुणी मेल्याशिवाय दार वाजवणार नाहीत!

सासूबाईंचे डोळे भरून आले. ताटावरून उठून त्या थेट बॅग भरायला लागल्या. मी ऐटीत बायकोकडे वळलो.

 

ती माळ्यावरून स्वतःची बॅग काढत होती. "एवढं छान घर असताना मी इथे काय झक मारतेय?"