फार वेळ उभं राहायचं नाही

भिंगाचा दिवा जवळ ओढला तेव्हा कुठे कानविंदेबाईंच्या पायावरच्या निळ्या शिरा वैजयंता सिस्टरना दिसल्या. कोळ्याच्या जाळ्यातल्या धाग्यांएवढ्या बारीक, आणि बाई मात्र पायच कापायला निघालेत अशा कण्हत होत्या. "वर्षाची एवढी मेंबरशिप भरायची आणि वर वीस मिनिटं थांबायचं," असंही मध्येच ऐकवत होत्या.

सिस्टरनी भरलेली सिरिंज डॉक्टरांच्या हातात दिली आणि अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला. डॉक्टरांचा साधा दवाखाना होता तेव्हा पेशंटशेजारी बाकावर टेकता यायचं. मग मेंबरशिप आली, सोफे आले, आणि मेंबरांसमोर स्टाफने बसायचं नाही हा नियमही आला. जरा टेकली म्हणून रिसेप्शनवरची मुलगी गेल्या महिन्यात नोकरी गमावून घरी गेली. सिस्टरच्या पोटऱ्यांवर सुतळीएवढ्या शिरा फुगल्या होत्या. त्या दिसायला भिंग नको होतं, पण डॉक्टरांना दोन वर्षांत दिसल्या नव्हत्या.

इंजेक्शनं संपली. हात धूत डॉक्टर मधाळ आवाजात म्हणाले, "आता एकच पथ्य. फार वेळ उभं राहायचं नाही. पायांच्या शिरा त्यानंच बिघडतात."

"मी कुठे उभी राहते?" बाई म्हणाल्या. "दिवसभर बसलेलीच तर असते."

सिस्टर शांतपणे सोफ्याकडे गेल्या, बाईंच्या पर्सशेजारी ऐसपैस बसल्या आणि त्यांनी पाय टीपॉयवर ठेवले.

"सिस्टर, हे काय?"

"पथ्य. बाईंना त्याचा उपयोग नाही म्हणे. तुमचा एवढा महागाचा सल्ला वाया कशाला घालवायचा?"