कडेवर

उद्यानाच्या दारातून आत येताच सगळ्यांचं वजन चंद्रावरच्यासारखं सहाव्या हिश्श्यावर आलं. सुट्टीचा पहिला दिवस, समोर उंचच उंच पाळणे. पण शारदाची नजर व्हीलचेअरमधल्या लेकीवर होती. रेवाला चालता येत नसे. ती वाढत गेली, शारदाची कंबर धरत गेली, आणि मग कडेवर घेणं कधीतरी बंदच झालं.

शारदानं कमरेचा पट्टा आवळला, रेवाच्या काखेत हात घातले आणि जुन्या सवयीनं सगळा जोर लावला. दोघी हातभर हवेत उडाल्या.

"आई! पोतं उचलतेस का?" रेवा किंचाळली आणि खिदळत तिच्या गळ्यात पडली.

"चला, पाळण्याला रांग लागतेय," बाबा म्हणाले.

"पाळणा उद्या, बाबा." रेवानं आईच्या खांद्यावर मान टाकली. "आज मी इथनं उतरत नाही."