फायनल सगळ्यांना दिसते

"पोरगं यांचं, मैदान गावाचं, पोराला खेळायचा एक छदाम मिळत नाही, आणि बघायचं म्हटलं की टाका पैसे!" शेजारचा मॉसी खुर्ची उचलता उचलता कुरकुरत होता.

"टाकलेस ना पैसे? मग आता पाय टाक," खुर्चीचं दुसरं टोक धरून डेलिया म्हणाली.

खुर्चीत तिचा नवरा डिनी बसलेला होता. गेल्या उन्हाळ्यात त्याला असा उचलायला चार गडी लागले असते.

घर टेकडीच्या आड. आत इंटरनेट पोचत नाही. बाहेर तेलाच्या टाकीपाशी, भिंतीच्या कोपऱ्यावर तेवढा फोन जरा रेंज धरतो. टीव्हीवर आज घोड्यांच्या उड्या होत्या. काठीने चेंडू टोलवायच्या हर्लिंगची मॅच फक्त पैसे भरलेल्यांसाठी, इंटरनेटवर. आणि आज डेलिया-डिनीचा मुलगा शेन पहिल्यांदाच क्लेअर काउंटीच्या टीमकडून मैदानात उतरला होता.

मॉसीने फोन टाकीवर टेकवला. आवाज बंद केला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत रेडिओ लावला. मॅच अशीच बघायची असते; चित्र त्यांचं, बोलणारा आपला.

फोनवर माणसं मुंगीएवढी. डिनीने चष्मा कपाळावर सारला, पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"तो बघ, तो! गुडघ्यावर हात टेकून उभा आहे तो."

"तो त्यांचा गोलकीपर आहे, मॉसी," डेलिया म्हणाली.

"मग हा."

हा शेनच होता. पाठ दिसली, काठी हातात फिरवायची सवय दिसली. डिनी पुढे वाकला. मांडीवरची शाल घसरली, ती कोणी उचलली नाही.

तेवढ्यात रेडिओ ओरडला: "शेन हेहिर! काय फटका मारलाय! आडव्या दांडीवरून पार, पॉइंट!"

मॉसीने टोपी काढून भिंतीवर आपटली. फोनवरचा शेन मात्र अजून उभाच होता. फोन मागे होता, रेडिओ पुढे.

"गप, गप," डिनी म्हणाला. "अजून व्हायचंय ते. आता येईल."

फोनवर चेंडू आला. शेन धावला, वळला, काठी मागे गेली, आणि चित्र थांबलं. मधोमध एक चकती फिरायला लागली. मॉसीने फोन उचलून डोक्यावर धरला, टाकीला वळसा घातला, भिंतीला लागून उभा राहिला. फोन जितका उंच धरावा तितकं नेट खाली येतं, अशी पुरुषांची एक समजूत असते.

चित्र परत आलं तेव्हा त्यात जाहिरात होती.

"डाव्या बाजूने मारला की उजव्या?" डिनीने विचारलं.

रेडिओने ते सांगितलं नव्हतं. आता तो दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होता.

"डावीकडून मार म्हणून मी दोन हिवाळे त्याच्या मागे लागलो होतो. तेवढंच बघायचं होतं."

"रात्री दाखवतील की टीव्हीवर, तुकडे तुकडे," मॉसी म्हणाला.

"रात्री औषध घेतलं की मला माझं नावसुद्धा आठवत नाही. आणि तुकडे काय करायचेत? एक अख्खी मॅच बघायची होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

मॉसीने फोन खिशात घातला. मग उजळून म्हणाला, "अरे, मग फायनल आहे की! फायनल सगळ्यांना दिसते, टीव्हीवर, फुकट. आपल्या खोलीत, मोठ्या पडद्यावर, चकती नाही की बिकती नाही. जुलै काय लांब आहे?"

फादरही गेल्या रविवारी हेच म्हणाले होते. नर्स म्हणाली होती. शेन तर रोज फोनवर म्हणतो. आणि डेलिया दर वेळी म्हणते, हो ना, जुलै काय लांब आहे. म्हणते आणि उठून किटली ठेवायला जाते.

आज ती उठली नाही. वाकून शाल उचलली, डिनीच्या गुडघ्यांवर टाकली आणि कडा नीट खोचल्या.

"पोचणार बघ टीम फायनलला," मॉसी म्हणाला. "मी लिहून देतो."

"टीम पोचेल रे, मॉसी," डेलिया म्हणाली. "डिनी नाही पोचणार."