अठ्ठेचाळीसच्या आत

"किती आली?" तैस्तोनं उभ्यानंच विचारलं.

दवाखान्यातल्या नर्सनं, तुईयानं, रिपोर्टवरून नजर वर केली. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा तिकडच्या मापातला आकडा होता तो; जितका कमी, तितका बरा. "एकोणपन्नास! तैस्तोकाका, गेल्या हिवाळ्यात एकाहत्तर होती तुमची साखर. गोळी तीच, तेवढीच. केलंत तरी काय?"

"बसून जेवायला लागलो."

"म्हणजे?"

"आयली, माझी बायको, गेल्यापासून ओट्यापाशी उभा राहूनच खायचो. पाव, सॉसेज, वर गोड बन. कुठं थांबायचं तेच कळायचं नाही. आता हेल्वी समोर बसते. वाटाण्याचं सूप वाढते, आणि माझा हात परत पातेल्याकडे गेला की नुसती बघते." तो हसला आणि लगेच त्याचा चेहरा पडला. "पण तिनं अठ्ठेचाळीस सांगितली होती."

"कशाला?"

"दोन नवरे पुरलेत तिनं. दोघंही साखरेनंच गेले. सप्टेंबरात मी लग्नाचं विचारलं, तर म्हणाली, आधी अठ्ठेचाळीसच्या आत आण, मग विचार. तिसऱ्यांदा शोकाचे काळे कपडे घालायची नाही मी."

तुईयाला हसू येत होतं. पण ते आवरून तिनं रिपोर्टचा कागद त्याच्या हातात दिला. "मी सांगू का त्यांना?"

"नको. माझं मीच सांगतो."

बाहेर बाकावर हेल्वी विणत बसली होती. त्याला बघताच सुया थांबल्या.

"एकोणपन्नास," तो म्हणाला. "एकानं हुकलं."

हेल्वीनं चष्मा लावला, कागद त्याच्या हातातून घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. "हे एकाहत्तर कुणाचं?"

"माझंच. गेल्या वर्षीचं."

"बावीस उतरवलीस?" तिनं चष्मा काढला. "आधीच्या दोघांनी मिळून बावीस दिवससुद्धा ऐकलं नाही रे माझं."

"मग... तीन महिन्यांनी पुन्हा विचारू?"

"तीन महिन्यांनी? वय काय आपलं! चल, ऊठ म्हणते मी."

"मी उभाच आहे, हेल्वी."

"मग मला उठव."

तुईया खिडकीशी आली. खाली बर्फावर हेल्वी घसरगाडीच्या बैठकीवर ऐसपैस बसली होती आणि मागच्या पट्टीवर एक पाय ठेवून तैस्तो दुसऱ्या पायानं गाडी रेटत होता.

"चर्चच्या कचेरीकडे!" हेल्वीनं फर्मावलं. "लग्नासाठी नावं लिहून येऊ."

"अगं, ती टेकडीवर आहे!"

"म्हणूनच तर."

अर्ध्या चढावर गाडी थांबली. तुईया मदतीला धावणारच होती. पण हेल्वी मागे वळली होती. तिनं तैस्तोचा सुटलेला मफलर नीट गुंडाळला, गळ्याशी घट्ट गाठ मारली, आणि गाडी पुन्हा वर चढू लागली.