भिकाजीचा फणस

भिकाजी चुलत्यावर दावा लावून दरमहा रत्नागिरीच्या कोर्टात 'वादी' म्हणून मिरवू लागला, तेव्हापासून शेजारच्या धाकूच्या घशाखाली घास उतरेना. त्यात बायकोचा टोमणा, "भावोजी वादी झाले हो! तुम्ही कोण?" धाकूने वकिलाकडून दिवाणी-फौजदारीतला फरक नीट समजून घेतला आणि भरदुपारी, चार माणसांदेखत, भिकाजीच्या झाडाचा फणस उतरवून खांद्यावर मारला.

तारखेला पट्टेवाल्याने पुकारा केला, "बादशहा विरुद्ध धाकू गोविंद!"

भांडायला थेट विलायतेचा बादशहा! धाकू उपरणं सावरत ऐटीत पिंजऱ्यात चढला. खाली भिकाजीचा चेहरा काळवंडला. "वकीलसाहेब, फणस माझा, तक्रार माझी. मग खटल्यात मी कोण?"



"तू? साक्षीदार."