नजरेवर चालणारा टॅब

काउंटरवर दोन वेगवेगळ्या सिस्टीमचे दोन टॅब होते आणि शिवणकाम करणाऱ्या बाई पाऊण तास त्यांच्याशी झटत होत्या. आधी त्यांनी दोन्ही हातांनी लिहून पाहिलं, मग एकाच बोटाने. मग हात मांडीखाली दाबून धरले आणि नाकाच्या शेंड्याने ‘पाणी’ लिहिता येतं का ते पाहिलं.

“आई, पुरे ना आता. लोक बघतायत,” शेजारी बसलेली लेक रडकुंडीला आली होती.

“बघू देत.” बाईंनी दुकानदाराला विचारलं, “नुसत्या नजरेवर चालवायला यातला कोणता सोपा?”

“डावीकडचा. पण काकू, तुम्ही कशाला एवढा आटापिटा करताय? घरी जे कोणी आजारी आहेत, त्यांनाच घेऊन या. त्यांना जमेल तो घ्या.”

लेकीने तोंड फिरवलं.

बाईंनी डावीकडचा टॅब पुढ्यात ओढला आणि अक्षरांवर नजर रोखली. डोळे चुरचुरायला लागले, तरी त्यांनी पापणी लवू दिली नाही. ‘पा’ उमटलं, पुसलं गेलं, पुन्हा उमटलं. शब्द पुरा झाला तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

“हाच द्या,” त्या म्हणाल्या. “आणि आजारी माणसालाच आणलंय हो. डॉक्टर म्हणालेत, आधी हात जातील, मग वाचा. सुई तर आताच धरवत नाही.”