होडीला हात लावायचा नाही

आशाने पाण्याची बाटली मुद्दाम लांब फेकली. बाटलीला दोरी बांधलेली होती. ती थोडी आवरली असती, तर बाटली हरिश्चंद्रच्या हाताशी आली असती. तिने आवरली नाही. त्याने चार हात मारून बाटली गाठली, उताणं तरंगत दोन घोट घेतले आणि सोडून दिली. होडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माणूस हाय तो," सुकाणू धरून बसलेला निकोलस म्हणाला. "जरा जवळ टाक ना, बाय."

"त्यांनीच आणलंय मला. मी येत नव्हते."

ते खरंच होतं. अर्नाळ्याहून उत्तन, बावीस किलोमीटर समुद्र. निवृत्त हवालदार हरिश्चंद्रने आधी तीनदा प्रयत्न केला होता. तिन्ही वेळा पायाला काहीतरी लागलं, मासा म्हणा, शेवाळ म्हणा, आणि दोन्ही पाय आखडले. दोस्तांनी मायेने हात देऊन वर ओढलं. नियम असा, की पोहणाऱ्याला कुणी बोट जरी लावलं तरी पोहणं बाद. चौथ्या वेळी तो नवघरला आशाच्या दारात जाऊन उभा राहिला. "होडीत असं माणूस हवंय वहिनी, ज्याला माझी दया येणार नाही."

असं माणूस आशाशिवाय दुसरं नव्हतंच. सहा वर्षांपूर्वी गस्तीची बोट नदीत उलटली, तेव्हा तिच्या नवऱ्याने, निहारने, हरिश्चंद्रचा पाय धरला होता. हरिश्चंद्रने लाथ मारून तो सोडवून घेतला आणि निहार बुडाला. हे त्याने आशाला सांगितलं ते गेल्या महिन्यात. तोवर सगळ्यांना उलटंच ठाऊक होतं. निहारची आई, सरूबाई, बिल्डिंगभर सांगायच्या, माझ्या लेकाचा हात त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. पहिलं वर्ष सोडून दर दिवाळीला त्या काशीगावला त्याच्या घरी फराळाचा डबा धाडायच्या. असे पाच डबे त्याच्याकडे पडून होते. परत द्यायला जायची छाती नव्हती.

आशाने अट घातली होती. "उत्तनच्या वाळूवर पोहत आलात, तर खरं सांगायला सासूबाईंसमोर तुम्हाला उभं करीन. होडीत चढलात, तर आमचं दार बंद. मग तुमचं खोटं मरेपर्यंत सांभाळत बसा."

तो बुडावा असं तिला वाटत नव्हतं. तो हरावा, असं मात्र अगदी मनापासून वाटत होतं. सात तास ती त्याच्या हरण्याचीच वाट पाहत बसली होती, आणि मेला हरत नव्हता.

वाळत घातलेल्या बोंबलांचा वास होडीपर्यंत येऊ लागला. किनाऱ्यावरची माणसं वेगवेगळी दिसायला लागली. आणि हरिश्चंद्र थांबला. डोकं खाली गेलं, वर आलं, परत खाली गेलं.

"तुटलेलं जाळं हाय! दोर अडकला पायात!" निकोलसने इंजिन बंद केलं आणि वाकून हात पुढे केला. आशाने त्याचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही."

"मरंल तो! येडी हायस काय?"

"विचारा त्यांना."

"ओ हवालदार, हात देऊ काय?"

हरिश्चंद्रने मान हलवली. नाही. तोंडात पाणी जात होतं. हात चालत होते, पाय लाकडासारखे थिजले होते. त्याने आशाकडे पाहिलं.

"वहिनी," तो म्हणाला, "त्यानं धरलंय."

आशाच्या अंगाचा भडका उडाला. सहा वर्षं सासूबाईंसोबत बसून या माणसाचे गोडवे ऐकले होते तिने. त्याच्यासाठी करंज्या वळल्या होत्या.

"दोर आहे तो!" ती होडीच्या कडेला ओणवी होऊन ओरडली. "निहारचा हात केव्हाच सोडवलास तू! लाथ मार! तेव्हा बरी जमली! मार की आता!"

तिने त्याला आजवर कधी अरेतुरे केलं नव्हतं.

निकोलसने मनगट हिसडून सोडवून घेतलं. तेवढ्यात पाणी उसळलं. एक लाथ. दुसरी. तिसरीला हिरव्या दोराचं भेंडोळं वर आलं आणि बाजूला वाहत गेलं. हरिश्चंद्रने खोकून पाणी बाहेर टाकलं, किनाऱ्याकडे तोंड केलं आणि हात मारायला लागला. पायसुद्धा.

आशा परत जागेवर बसली. बाटलीची दोरी तिने रागारागाने ओढून घेतली.

वाळूवर तो आधी रांगत आला, मग उभा राहिला. घोट्याला दोराचा लाल वळ उठला होता. निकोलसने होडी उथळ पाण्यात आणली, तसा हरिश्चंद्र परत गुडघाभर पाण्यात शिरला आणि आशाला उतरायला त्याने हात पुढे केला. तिने तो धरला नाही. होडीची कड धरून ती स्वतःच उतरली, ओल्या साडीने त्याच्या शेजारून चालत वाळूपर्यंत गेली आणि तिथे थांबली.

"उद्या सकाळी या," ती मागे न बघता म्हणाली. "येताना पाचही डबे आणा."

"आणतो."

"सासूबाई रिकामा डबा परत घेत नाहीत. काय भरून आणायचं, ते तुम्हाला माहीत आहे."